पंधराशे रुपये घेतले म्हणून मत विकले काय?



विधानसभेचा निकाल २३ नोव्हेंबर २०२४ रोजी लागला. त्या संध्याकाळपासून पारावर, एस.टी. स्टँडवर, जिनिंगच्या गेटसमोर गाड्यांच्या रांगेत एकच वाक्य ऐकू येत होते : "लोक विकले गेले." आमचे कार्यकर्तेही तेच बोलत होते. खरे सांगायचे तर चार दिवस आम्हीही तेच बोललो.

त्याआधी सहा महिन्यांपूर्वी आम्हीच काय म्हणत होतो, ते आठवून पाहावे. ४ जून २०२४ रोजी लोकसभेचा निकाल लागला. सत्तेवरच्या महायुतीला राज्यात ४८ पैकी १७ जागा मिळाल्या. मराठवाड्यात ८ पैकी १, विदर्भात १० पैकी ३. कापूस, सोयाबीन आणि कांद्याच्या भावाने सरकारला झोडपले, असे सगळ्यांनीच मान्य केले. आम्ही सभेत टाळ्या घेतल्या : "शेतकरी जागा झाला!" साडेपाच महिन्यांनी त्याच महायुतीच्या तीन पक्षांना मिळून २८८ पैकी २३० जागा गेल्या. शेतकरी तोच, बूथ तेच, कापसाचा भावही काही वधारलेला नव्हता. मग जूनमध्ये जागा असलेला शेतकरी नोव्हेंबरात झोपला कसा?

मधल्या काळात 'लाडकी बहीण' योजना आली, हे उत्तर शेंबडे पोरही देईल. महिन्याला १,५०० रुपये, थेट बाईच्या खात्यावर. ते उत्तर खोटे नाही, पण अर्धे आहे. उरलेले अर्धे उत्तर आम्हाला एका बैठकीत मिळाले.

बाईने विचारलेला प्रश्न

निकालानंतर पंधरा-वीस दिवसांनी एका गावी बैठक होती. वेचणीचे दिवस, त्यामुळे बैठक रात्री. आमच्यातला एक जण तावातावाने बोलत होता, की पंधराशे रुपयांत लोकांनी लोकशाही विकली. मागे बायका बसल्या होत्या. त्यांतली एक उठली आणि म्हणाली, "भाऊ, पंधराशे माह्या खात्यावर आले. तीस वर्सं झाली लग्नाले. निंदण मी करतो, कापूस मी येचतो. कापसाचा चुकारा एक डाव तरी माह्या नावानं आला काय? मंग मी इकल्या गेली म्हनता, ते कोनाले?"

बैठकीत कोणी बोलले नाही. आमच्याकडेही उत्तर नव्हते. सातबारा नवऱ्याच्या नावावर, सोसायटीचे कर्ज नवऱ्याच्या नावावर, कापसाची पावती नवऱ्याच्या नावावर. घामाचे दाम मागणाऱ्या आमच्या चळवळीनेही तिच्या घामाचा दाम तिच्या हातात पडेल अशी व्यवस्था किती घरांत लावली? ज्या सरकारने तिचे नाव घेतले, त्याला तिने मत दिले. यात विकण्यासारखे काय आहे?

त्या रात्रीपासून आम्ही "लोक विकले गेले" हे वाक्य टाकून दिले. तुम्हीही टाकावे अशी आमची विनंती आहे. मतदाराला शिव्या देऊन कोणतीही चळवळ वाढलेली नाही.

बांधावरचा हिशेब

आम्ही शेतकी पदवी घेतलेली माणसे. कुठलीही शिफारस करायची तर आधी खर्च-उत्पन्नाचा हिशेब मांडायचा, ही सवय. तसाच हा हिशेब मांडू.

पाच एकर कोरडवाहू कापूस. एकरी पाच क्विंटल धरा, म्हणजे २५ क्विंटल. घरात लाडक्या बहिणीचे वर्षाला १८,००० रुपये. जमीन नवऱ्याच्या नावावर असेल तर केंद्राच्या पीएम-किसानचे ६,००० आणि राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे ६,०००. एकूण ३०,००० रुपये. आता ३०,००० ला २५ क्विंटलने भागा. १,२०० रुपये येतात. म्हणजे सरकारच्या धोरणामुळे कापसाचा भाव क्विंटलमागे बाराशे रुपयांनी खाली राहिला, की वर्षभर खात्यावर आलेले सगळे पैसे तिथेच फिटले. पन्नास क्विंटल पिकवणाऱ्याचे सहाशे रुपयांतच फिटले. दहा क्विंटलवाल्याला मात्र तीन हजारांनी भाव पडेपर्यंत हा सौदा फायद्याचा आहे. आणि जिच्याकडे गुंठाभर जमीन नाही, जी दुसऱ्याच्या पऱ्हाटीत वेचणीला जाते, तिचे वर्षाचे १८,००० निव्वळ हातात.

२०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,५२१ रुपये होता. खेडा खरेदीत तुम्ही कितीने विकला, ते तुमचे तुम्हाला माहीत. तो आकडा घाला आणि घरी हिशेब करा. तुमचे आणि शेजाऱ्याचे उत्तर एक येणार नाही. त्यामुळे गावाचे मत एका बाजूला पडले नाही तर नवल नाही. हिशेब चुकल्याने मत तिकडे गेले, असे मुळीच नाही. बऱ्याच घरांचा हिशेब बरोबर होता.

दुसरी गोष्ट. भाव बेभरवशाचा असतो, पंधराशे रुपये महिन्याला येतात. पाऊस येईल की नाही, बोंडअळी पडेल की नाही, ग्रेडर माल पास करील की नाही, अशा जुगारात आयुष्य काढलेल्या माणसाला ठरल्या दिवशी येणाऱ्या पैशाची किंमत शहरातल्या संपादकापेक्षा जास्त कळते.

देणाऱ्याचा दुसरा हात

मग सगळे छान आहे काय? नाही. एका हाताने देणाऱ्याचा दुसरा हात कुठे आहे, ते पाहिले पाहिजे.

२०२१-२२ च्या हंगामात कापसाने क्विंटलला दहा हजार ओलांडले. १४ एप्रिल २०२२ पासून केंद्र सरकारने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले. पुढे भाव उतरले, शुल्क पुन्हा लागले. १९ ऑगस्ट २०२५ पासून ते परत उठवले, आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग मुदत वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत. दसरा-दिवाळीला आपला कापूस बाजारात येतो. नेमक्या त्याच दिवसांत बाहेरच्या गाठींना दार सताड उघडे. त्या हंगामाचा हमीभाव लांब धाग्याला ८,११० रुपये जाहीर झाला होता. पण सीसीआयच्या केंद्रावर जायचे तर मोबाईलवर नोंदणी करा, आणि ओल बारा टक्क्यांच्या वर असेल तर गाडी परत न्या. आवळा देऊन कोहळा काढणे म्हणतात ते हेच. आवळा दिल्याचा कार्यक्रम मंडप घालून होतो. कोहळा काढल्याची अधिसूचना रात्री निघते.

सरकार कोणाच्या मताला भिते तेही पाहा. १९९८ च्या नोव्हेंबरात दिल्ली आणि राजस्थानात सत्तेवरचा पक्ष पडला. कांदा महागल्याचे ते वर्ष. तेव्हापासून प्रत्येक पक्षाने धडा घेतला, की कांदा महागू द्यायचा नाही. कापूस स्वस्त झाला म्हणून सरकार पडल्याचा धडा अजून कोणाला मिळालेला नाही. जून २०२४ मध्ये मिळू लागला होता. पंधराशे रुपयांनी तो पुसला.

'लोकांचा' पक्ष कसा ओळखावा

पंडित मंडळी अशा पक्षांना लोकानुनयी म्हणतात. पैसे वाटले, धान्य वाटले, की झाला लोकानुनय, असा त्यांचा सरधोपट हिशेब. आम्हाला तो पटत नाही. सरकारने गरिबाला काही देणे हा गुन्हा नाही. उद्योगांना सवलती मिळतात तेव्हा हीच मंडळी त्याला विकास म्हणतात.

लोकानुनयी पक्षाची खरी खूण वेगळी आहे. तो म्हणतो, "मी म्हणजेच लोक. माझ्यावर टीका करणारा तो लोकांचा शत्रू." एकदा हे मान्य केले, की लोक कोण हेही तोच ठरवणार. आपण हे अनुभवले आहे. २००८ ची केंद्राची कर्जमाफी घ्या. पूर्ण माफी दोन हेक्टरपर्यंत. बागायती चार एकरवाला गरीब ठरून पूर्ण सुटला, आणि वर्षाला एक पीक, तेही पावसाच्या मर्जीवर, घेणारा सात एकरांचा कोरडवाहू शेतकरी मोठा ठरला. त्याच्या पदरी एक चतुर्थांश सूट. दुष्काळप्रवण जिल्ह्यांत ती निदान वीस हजारांची करण्यात आली, इतकेच.

त्याच्याही आधीचे उदाहरण एकाधिकार कापूस खरेदीचे. १९७२ मध्ये ती शेतकऱ्याच्याच नावाने आली. व्यापारी लुटतो, सरकार तुमचा माल घेईल, असे सांगितले. आणि मग आपलाच कापूस दुसऱ्याला विकणे हा आपलाच गुन्हा ठरला. जवळजवळ तीस वर्षे हा प्रकार चालला. आंध्राच्या, मध्य प्रदेशाच्या हद्दीवर कापसाच्या गाड्या अडवल्या गेल्या. आपल्या भल्याच्या नावाने आपले हात बांधता येतात, हे कापूसवाल्याला कोणी शिकवायला नको.

मतदार मिंधा नसतो

तरीही आम्ही निराश नाही. मतदाराने घेतलेल्या पैशाचा मिंधेपणा कायम पाळल्याचा दाखला इतिहासात नाही.

१९७१ मध्ये इंदिरा गांधींनी 'गरिबी हटाओ' म्हटले. लोकांनी ३५२ जागा दिल्या. २५ जून १९७५ ला आणीबाणी आली. मार्च १९७७ मध्ये त्याच लोकांनी त्यांचा पक्ष १५४ वर आणला आणि खुद्द त्यांना रायबरेलीत पाडले. पुढे आलेले आपसात भांडले, तेव्हा १९८० मध्ये परत इंदिराबाईंना ३५३ जागा दिल्या. या मतदाराला खुळा कोण म्हणेल?

आपल्या शेजारचे उदाहरण पाहा. १९८३ च्या जानेवारीत आंध्रात एन. टी. रामाराव निवडून आले, दोन रुपये किलो तांदळाचे वचन देऊन. ऑगस्ट १९८४ मध्ये राज्यपालांनी त्यांना काढून दुसऱ्याला मुख्यमंत्री केले. तेव्हा आंध्रातले लोक तांदूळ मिळतोय ना, मग बस, असे म्हणून घरात बसले नाहीत. रस्त्यावर आले. महिन्याभरात, १६ सप्टेंबर १९८४ ला, रामाराव पुन्हा मुख्यमंत्री झाले. स्वस्त तांदूळ घेणाऱ्यांनीच आपल्या मताची राखण केली.

आणि अगदी अलीकडचे, पैनगंगेच्या पलीकडचे. तेलंगणात २०१८ मध्ये रयतुबंधू योजना आली. एकरी चार हजार, हंगामाला. त्या डिसेंबरात सरकारला ११९ पैकी ८८ जागा मिळाल्या. पुढे रक्कम पाच हजार झाली. डिसेंबर २०२३ मध्ये त्याच पक्षाला ३९ जागा मिळाल्या आणि सत्ता गेली. आदिलाबादच्या कापूसवाल्यांची आणि आपली सोयरीक आहे. विचारा त्यांना, पैसे घेऊन मत दुसरीकडे देता येते की नाही.

"एखादा खमक्या पाहिजे"

मतदाराने पैसे घेण्याची आम्हाला भीती वाटत नाही. आम्हाला भीती वाटते ती चहाच्या टपरीवर नेहमी ऐकू येणाऱ्या दुसऱ्याच एका वाक्याची : "या पुढाऱ्यांना सरळ करायला एखादा खमक्या पाहिजे. निवडणुकाच नकोत दहा वर्षे."

हे फक्त आपल्या टपरीवर नाही. अमेरिकेतली प्यू नावाची संस्था देशोदेशी पाहणी करते. संसद-न्यायालयाची आडकाठी नसलेला खंबीर नेता चांगला, असे म्हणणारे भारतात २०१७ मध्ये शंभरात ५५ होते. २०२३ मध्ये ६७ झाले. गंमत अशी, की त्याच पाहणीत बहुसंख्य लोकांनी निवडून दिलेल्या प्रतिनिधींचे राज्यही चांगलेच म्हटले. म्हणजे लोकांना मत हवे आहे, पण मत दिल्यावर काही होत नाही याचा वीट आला आहे. हा वीट आम्हाला समजतो. पण त्यावरचा हा उपाय म्हणजे माव्यासाठी शेतच पेटवून देण्यासारखा आहे.

खमक्याचे राज्य आपण पाहिले आहे. आणीबाणीत लोकसभेची मुदत संपली तरी निवडणूक झाली नाही. १९७६ मध्ये आपल्या महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती आली नाही म्हणून ते अमलात आले नाही. ज्या आडकाठीला आपण कंटाळतो, तीच त्या दिवशी कामाला आली.

लहान खमक्याचे राज्य तर आत्ताच अनुभवले. राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि प्रशासक बसला. कोर्टात खटले होते हे खरे. ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्यायला सांगितले, तरी २०२५ साल बहुतेक ठिकाणी प्रशासकाच्याच सहीने संपले. तीन वर्षांवर ना सदस्य, ना सभापती, ना भांडण. झाले काय गावाचे नंदनवन? पांदण रस्ता झाला? शाळेवर मास्तर आला? उलट ज्याच्या दारात जाऊन ओरडायचे, तो माणूसच नाहीसा झाला. आणि आम्हीही त्याविरुद्ध एक मोर्चा काढला नाही, हे कबूल करतो.

तिसरे उदाहरण शेतीच्या तीन कायद्यांचे. त्या कायद्यांबद्दल आमच्यात दोन मते होती, आजही आहेत. पण सप्टेंबर २०२० मध्ये राज्यसभेत त्यांतले दोन गोंधळात आवाजी मतदानाने मंजूर झाले, आणि २९ नोव्हेंबर २०२१ ला तिन्ही कायदे दोन्ही सभागृहांत चर्चेविना रद्द झाले. रद्द करताना कायदे चांगले म्हणणाऱ्यालाही बोलू दिले नाही, वाईट म्हणणाऱ्यालाही नाही. शेतकऱ्याच्या आयुष्याचा प्रश्न, आणि देताना मते मोजणे नाही, घेताना बोलणे नाही. खमक्याच्या राज्यात आपल्या वाट्याला येते ते हे.

पेरून घरी गेलेला शेतकरी

कापसाचे पहिले साठ दिवस तणमुक्त ठेवले नाहीत तर पुढे कितीही खत टाका, उपयोग नाही, हे आम्ही वर्षानुवर्षे सांगत आलो. लोकशाहीचे आपण नेमके उलट करतो. मतदानाच्या दिवशी पेरतो, घरी जातो, आणि पाच वर्षांनी थेट वेचणीला येतो. मधे ना निंदण, ना डवरणी. मग तण माजले म्हणून रडतो. मतदानाचा दिवस म्हणजे मतदाराचा पोळा. शिंगे रंगवतात, झूल घालतात, पुरणपोळी चारतात. दुसऱ्या दिवशी जू आहेच.

म्हणून आमचे सांगणे थोडके आहे.

एक. सरकार देईल तो पैसा घ्या, मान ताठ ठेवून घ्या. तो कोणाच्या घरचा नाही. त्याबद्दल कोणी शपथ घालत असेल, तर ती पाळायचे कारण नाही. आणि पैसे घेणाऱ्या बाईला कोणी टोमणा मारला, तर आधी त्याच्या घरचा चुकारा कोणाच्या खात्यावर जातो ते विचारा.

दोन. प्रत्येक गावात एक वही ठेवा. खरेदी केंद्र कोणत्या तारखेला उघडले, किती गाड्या परत गेल्या, ज्वारी कितीने विकली आणि हमीभाव किती होता, आयात शुल्क कधी उठले, त्यावर आपला खासदार-आमदार सभागृहात बोलला की नाही, हे सारे तारखेनिशी लिहा. वही लिहायचे काम एखाद्या शिकलेल्या मुलीकडे द्या. जे कळत नाही ते माहितीच्या अधिकारात विचारा. २००५ च्या कायद्याने तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते.

तीन. ती वही ग्रामसभेत वाचा. ग्रामसभा कोरमअभावी तहकूब करून कागदावर पूर्ण करायची, हा आपल्याच गावचा उद्योग आहे. तो बंद करायला मुंबई-दिल्लीची परवानगी लागत नाही.

चार. पुढच्या निवडणुकीत जो उमेदवार येईल त्याला 'काय देणार' हे विचारू नका. ते तो आपणहून सांगेल. 'काय काढून घेणार नाही' ते लिहून मागा. वेचणीच्या दिवसांत कापसावरचे आयात शुल्क उठवणार नाही, एवढे एक वाक्य सहीनिशी देणारा उमेदवार भेटला, तर आमच्या मते तो कितीही हजारांच्या घोषणेपेक्षा मोलाचा.

सहा महिन्यांत एकदा सरकारला झोडपणारा आणि एकदा डोक्यावर घेणारा मतदार आम्हाला चंचल वाटत नाही. त्याने दोन्ही वेळा समोर ठेवलेल्या मालातून त्यातल्या त्यात बरा उचलला. माल कोणता ठेवायचा हे मात्र अजून दुसरेच ठरवतात. ते आपण ठरवायचे असेल, तर निकालाच्या दुसऱ्या दिवशी कामाला लागले पाहिजे.

येत्या जिल्हा बैठकीला प्रत्येक गावाने आपली वही आणावी. पाच पानेच भरलेली असली तरी चालेल. आणि वही घेऊन येणाऱ्यांत निम्म्या मायबहिणी असाव्यात. त्या रात्रीच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही अजून देणे लागतो.